साप्पोरोचा रस्सा

अॅरिझोनातल्या मेसा गावात इंडियन ग्रोसरीकडे जाताना उजव्या हाताला एक नवी पाटी लागलेली वीणाने पहिल्यांदा पाहिली, ती दसऱ्याच्या सुमाराला. नेल सलून आणि ड्रायक्लीनरच्या मधला गाळा बरेच दिवस रिकामा पडून होता. आता त्याच्यावर जपानी अक्षरं होती आणि खाली इंग्रजीत ठळक लिहिलं होतं, ‘सूप करी’. तिचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला तशी ती भानावर आली आणि पुढे गेली. ग्रोसरीत पोचल्यावर घ्यायचं काय होतं तेच आठवेना. कढीपत्ता आणि पोह्यांचं पाकीट घेऊन ती घरी आली.

त्यानंतरचे सगळे शनिवार असेच गेले. पाटी जवळ आली की गाडी हळू व्हायची, काचेतून आतली दोनचार टेबलं दिसायची, कुणीतरी वाडग्यावर वाकून बसलेलं दिसायचं, आणि गाडी पुढे जायची. आत जायला काही हरकत नव्हती. शेजारच्या चँडलरमधल्या तिच्या घरून इथवर यायला वेळ तो किती लागतो! पण एकटीने आत जाऊन बसायचं, ऑर्डर द्यायची आणि तो पदार्थ तोंडात घालायचा, हे काही तिच्याने होईना. जिथे एखाद्याबरोबर जायचं असं मनात पक्कं धरलेलं असतं, तिथे एकट्याने जाताना चोरी केल्यासारखं वाटतं.

वीणा त्रेचाळीस वर्षांची होती. मूळची नागपूरची. चँडलरच्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत ती प्रोसेस इंजिनिअर होती. लग्न एकदोनदा जमता जमता राहिलं आणि नंतर तो विषय घरच्यांनीच हळूहळू काढेनासा केला. तिला त्याचं फारसं वाईट वाटायचं नाही. निदान २००३ सालापर्यंत तरी वाटत नव्हतं.

त्या वर्षी तिच्या विभागात नव्या मशिनी आल्या आणि त्या बसवायला जपानी कंपनीने आपली माणसं पाठवली. त्यांतलाच एक होता ओनो. या कारखान्याच्या आत काम करताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट घालावा लागतो, तोंडावर मास्क, हातात मोजे. धुळीचा एक कणही आत चालत नाही. त्यामुळे पहिले काही आठवडे वीणाने ओनोचे फक्त डोळे पाहिले होते. शांत, थोडे झुकलेले डोळे. काही समजावून सांगायचं असलं की ते आधी बारीक व्हायचे, आणि समोरच्याला कळलं की मोठे. एक दिवस कॅफेटेरियात एक मध्यम उंचीचा, कानाशी पिकलेल्या केसांचा माणूस ट्रे घेऊन तिच्या समोर उभा राहिला आणि इंग्रजीत म्हणाला, “इथे बसलो तर चालेल?” तिने चालेल म्हटलं, पण हा कोण ते तिला कळलं नाही. मग त्याचे डोळे बारीक झाले आणि तिला एकदम हसू फुटलं.

“ओनो-सान! तुम्हाला तोंडसुद्धा आहे होय?”

“तुम्हालाही आहे,” तो म्हणाला. “मला आजच कळतंय.”

मग रोजच दुपारी दोघं एका टेबलावर बसू लागले. ओनो साप्पोरोचा. अमेरिकन जेवणाशी त्याचं काही केल्या जुळत नव्हतं. सँडविचचा एकेक घास तो कर्तव्य म्हणून चावायचा आणि चावताचावता घरच्या खाण्याबद्दल बोलायचा. त्यात सगळ्यात जास्त बोलायचा ते सूप करीबद्दल. त्याच्या कॉलेजच्या मागे गल्लीत एक दुकान होतं. कमरेएवढ्या बर्फातून वाट काढत मुलं तिथे जायची. आत गेलं की चष्म्यावर वाफ धरायची. तिखट किती हवं ते नंबराने सांगायचं.

“तुमचा नंबर कोणता?” वीणाने विचारलं होतं.

“पाच. मित्रांसमोर सहा सांगायचो. मग रात्रभर पश्चात्ताप.”

“पण असतं कसं ते?”

ओनो विचार करून म्हणाला, “पातळ. तिखट. कोंबडीची अख्खी तंगडी. भाज्यांचे मोठे मोठे तुकडे. भात वेगळा.”

वीणाने टेबलावर हात आपटला. “अहो, हा तर आमचा रस्सा!”

आणि खरंच तिला तसंच वाटलं होतं. नागपूरच्या सावजी रश्श्यावर वाढलेली मुलगी ती. पातळ आणि तिखट म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर दुसरं काही येणंच शक्य नव्हतं.

पुढच्या वसंतात, ओनोचं काम संपत आलं तेव्हा, एका शनिवारी तिने त्याला घरी जेवायला बोलावलं. आदल्या दिवशीच सुकं खोबरं भाजलं, खसखस भाजली, दगडफूल, शहाजिरं, काळी मिरी, लाल मिरच्या, सगळं मिक्सरमधून काढलं. अपार्टमेंटचा स्मोक अलार्म दोनदा वाजला. त्याने सांगितलं होतं म्हणून तंगड्या अख्ख्या ठेवल्या आणि बटाटा, गाजर मोठं चिरून घातलं. ओनो आला तो मिठाईचा खोका घेऊन. दारातच त्याने बूट काढले आणि टाचा भिंतीकडे करून नीट जोडून ठेवले. घरात कुणी बूट काढायला सांगितलेलं नसताना काढणारा हा पहिला पाहुणा, हे वीणाच्या मनात नोंदलं गेलं.

तिने वाडगा पुढे ठेवला. वर बोटभर लालभडक तर्री. ओनोने चमच्यात थोडा भात घेतला, चमचा तसाच रश्श्यात बुडवला आणि तोंडाकडे नेला.

“अहो, असं नाही,” वीणा हसत म्हणाली आणि तिने डावाने रस्सा सरळ त्याच्या भातावर ओतला. “असं कालवायचं. हं, आता खा.”

त्याने खाल्लं. क्षणात त्याचं कपाळ घामाने डबडबलं. त्याने रुमाल काढला, घाम टिपला, पुन्हा खाल्लं. ती डाव हातात घेऊन तशीच उभी होती.

“हेच का?” तिने विचारलं.

ओनोने मान वर केली. डोळे मोठे झाले. “हेच,” तो म्हणाला. “अगदी हेच. साप्पोरोचं.”

त्याने आणखी दोनदा मागून घेतलं. त्या संध्याकाळी तो गेल्यावर वीणाने नागपूरला फोन लावला आणि आईला उठवून सांगितलं, “आई, अगं जपानमध्येसुद्धा आपल्यासारखाच रस्सा असतो!” आईने ती बातमी सगळ्या नातेवाइकांत पसरवली. टेक्सासमध्ये प्लेनोला राहणाऱ्या वीणाच्या चुलतभावाच्या, श्रीरंगच्या घरी तर तो कायमचा किस्सा होऊन बसला. जपानी पाहुणा सावजीवर कसा तुटून पडला, हे श्रीरंग रंगवून रंगवून सांगे.

त्या उन्हाळ्यात ओनो परत गेला. वीणानेच त्याला फीनिक्सच्या विमानतळावर सोडलं. बॅगा उतरवून झाल्यावर तो म्हणाला, “हिवाळ्यात साप्पोरोला या. मी बर्फ दाखवीन.”

वीणाच्या ओठांवर ‘हो’ आलं होतं. पण तिचं ग्रीन कार्डाचं प्रकरण तेव्हा अडकलेलं होतं. आधीच्या कंपनीने माणसं कमी केली तेव्हा सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं होतं, आणि देश सोडून गेलीस तर परत येशीलच याची हमी देता येत नाही, असं वकिलाने बजावलं होतं. तिने ते सगळं ओनोला सांगितलं. कारण खरं होतं. पण तिने ते जरा जास्तच सविस्तर सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलावं तसा झाला. ओनो मान हलवत ऐकत राहिला.

“समजलं,” तो म्हणाला. आणि त्याने पुन्हा कधी विचारलं नाही.

कार्ड आलं ते दोन वर्षांनी. त्याच्या आधीच्या जानेवारीत नव्या वर्षाच्या शुभेच्छांची त्याची ईमेल आली होती. तीत शेवटी एक ओळ होती, की त्याचं लग्न झालं. वीणाने अभिनंदन कळवलं आणि त्या दिवशी ऑफिसातून घरी न जाता ती कितीतरी वेळ हायवेवर उगाच गाडी चालवत राहिली.

तर अशी ती पाटी. दिवाळीच्या शनिवारी मात्र वीणाला निमित्त मिळालं. श्रीरंगची मुलगी रुचा जवळच्याच टेम्पीच्या युनिव्हर्सिटीत शिकायला आली होती. दिवाळीला घरी जाता येणार नव्हतं म्हणून ती वीणाआत्याकडे राहायला आली. सकाळी दोघींनी उटणं लावून आंघोळ केली, चकल्या तळल्या, त्यातल्या अर्ध्या मोडल्या. संध्याकाळी पणतीसाठी वाती आणायला निघाल्या तेव्हा रस्त्यात रुचाच म्हणाली, “आत्या, आय ॲम स्टार्व्हिंग. आपण बाहेर खाऊ या?”

पाटी समोर दिसत होती. वीणाने इंडिकेटर दिला.

“सूप करी?” रुचाने वाचलं आणि ती सीटवर उसळलीच. “वेट, हेच ना ते? बाबा सांगतो ते? जॅपनीज लोक सावजी खातात?”

“हेच,” वीणा म्हणाली.

आत फार कोणी नव्हतं. भिंतीवर बर्फाने झाकलेल्या एका गावाचं कॅलेंडर होतं. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. साठीला आलेली मालकीणबाई लगबगीने आली, तिने वाकून नमस्कार केला आणि मेन्यू पुढे ठेवला. आपण आणि आपला नवरा साप्पोरोजवळच्या एका गावातून मुलाकडे आलो आणि इथेच रमलो, असं तिने तुटक इंग्रजीत सांगितलं. मग विचारलं, “पहिल्यांदा?”

“हो, दोघीही,” रुचा म्हणाली.

“तिखट किती?”

“मला दोन,” रुचाने सांगितलं. “आत्या, तू?”

“पाच,” वीणा म्हणाली.

बाईने भुवया उंचावल्या. “पाच म्हणजे फार तिखट.”

“माहीत आहे,” वीणा म्हणाली, आणि तिला वाटलं, आपण हे ओनोच्याच आवाजात बोललो.

वाडगे येईपर्यंत रुचा तिच्या रूममेटबद्दल काहीबाही सांगत होती. वीणा हं हं करत होती, पण तिचं सगळं लक्ष स्वयंपाकघराच्या पडद्याकडे होतं. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं की पहिला घास घेतला की डोळे मिटायचे. मग ते कॅफेटेरियातलं टेबल, ते डोळे, सगळं क्षणभर तरी परत येईल. या एका क्षणासाठी तिने इतके शनिवार घालवले होते.

वाडगे आले. वीणा पाहत राहिली.

ते तपकिरी, जवळजवळ पारदर्शक पाणी होतं. वर तेल होतं, पण मोजके चमकणारे ठिपके तेवढे. त्याच्यावर कसल्यातरी सुकलेल्या हिरव्या पानांचा चुरा पसरला होता. तळलेलं वांगं, उभं चिरलेलं गाजर, ढोबळी मिरची, कमळाच्या देठाची जाळीदार चकती, अर्धं उकडलेलं अंडं, असं सगळं आपापल्या जागी चित्रातल्यासारखं मांडलेलं. मधोमध कोंबडीची तंगडी. शेजारच्या ताटलीत भात आणि भातावर लिंबाची एक फोड.

वीणाचा हात सवयीने वाडग्याकडे गेला. रस्सा भातावर ओतणार, तेवढ्यात मालकीणबाई धावत आली. “नाही, नाही. असं.” तिने हवेतच करून दाखवलं. चमच्यात भात घ्यायचा, चमचा सुपात बुडवायचा आणि खायचा.

वीणाचा हात तिथेच थांबला. ओनोने केलं होतं तसंच होतं हे, अगदी तसंच. आणि त्याला खाता येत नाही असं समजून आपण त्याच्या भातावर डावभर रस्सा ओतला होता.

तिने भाताचा चमचा बुडवून तोंडात घातला. आधी हाडांच्या अर्काची खोल चव लागली. मग टोमॅटोची आंबटगोड, मग लवंगेसारखं काहीतरी, आणि घास गिळल्यावर घशाच्या तळाशी तिखट पेटलं. चांगलं होतं. फारच चांगलं होतं. पण त्यात भाजलेलं खोबरं नव्हतं, खसखस नव्हती, दगडफुलाचा तो धुरकट वास नव्हता. जिभेला ओळखीचं वाटावं असं काही म्हणजे काही नव्हतं. वीणाने दुसरा घास घेतला. मग तिसरा. डोळे मिटायचं ती विसरूनच गेली.

रुचाने चार-पाच घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला. “आत्या, धिस इज ऑसम. पण हे तुझ्या रश्श्यासारखं अजिबात नाहीये. लाइक, नॉट ॲट ऑल.”

“नाही ना?” वीणाने विचारलं. आपल्याला चुकीचं लागत असेल अशी एक बारीक आशा तिला अजून होती.

“नो वे. कुणाला सेम वाटेल?” रुचा हसायला लागली. “त्या काकांनी तुला चक्क फसवलं. ही वॉज सो लायिंग.”

वीणाने पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला. इतकी वर्षं ती त्या एका वाक्यावर जगली होती म्हटलं तर ती अतिशयोक्ती झाली असती. पण कंटाळवाण्या दुपारी, मशिनी बंद पडलेल्या असताना, फीनिक्सच्या उन्हात गाडी तापून निघालेली असताना तिने ते वाक्य अनेकदा काढून पाहिलं होतं. अगदी हेच. कुठल्या कुठे असलेल्या दोन गावांत एकच रस्सा शिजतो, आणि तो आपल्याला न शिकवता जमला. त्यात तिला एक खूण वाटायची. आता कळत होतं की ती खूण नव्हती. एका माणसाने घाम टिपत टिपत, जीभ पोळत असताना, तिसऱ्यांदा वाडगा पुढे केला होता. का, ते तिला आज, या टेबलावर, आयतं कळत होतं. तेव्हा डाव हातात घेऊन समोर उभी असताना ते कळलं नव्हतं.

“मी एक फोन करून आले,” ती म्हणाली.

“आत्ता? इट्स गेटिंग कोल्ड!”

“तू खा. आलेच मी.”

बाहेर पार्किंगमध्ये अजून संधिप्रकाश होता. समोरच्या डोंगरांच्या कडा जांभळ्या झाल्या होत्या. नागपूरला फोन करायला घेतलेलं कॉलिंग कार्ड तिने पर्समधून काढलं, कार्डावरचे आकडे दाबले आणि मग ओनोचा नंबर दाबला. तो मोबाइलमध्ये होता, पण कधी लावला नव्हता. तिकडे रविवारची सकाळ असणार. घंटी वाजायला लागल्यावर तिला वाटलं, ठेवून द्यावा. तेवढ्यात कुणीतरी उचलला.

“मोशी मोशी.”

“ओनो-सान, मी वीणा. अॅरिझोनाहून.”

पलीकडे एक खुर्ची सरकल्याचा आवाज. “वीणा-सान,” तो म्हणाला. “सगळं बरं आहे ना?”

“बरं आहे. सगळं बरं आहे. इथे एक सूप करीचं दुकान उघडलंय. मी आज पहिल्यांदा खाल्लं.”

“आँ,” ओनो म्हणाला. आणि मग तो हसला. तिच्या आठवणीत होतं त्यापेक्षा त्याचं हसणं थकलेलं होतं. “म्हणजे आता कळलं तुम्हाला.”

“कळलं. तुम्ही खोटं बोललात.”

“हो.”

“का?”

कार्डावरून लावलेल्या फोनला असते तशी खरखर येत होती. “तुम्ही डाव घेऊन उभ्या होतात,” तो म्हणाला. “परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशा. तुमचा चेहरा बघून दुसरं काही तोंडातून निघालंच नाही.” मग थांबून म्हणाला, “पण ती माझी चूक झाली, वीणा-सान.”

“चूक कसली? चांगुलपणाच होता तो.”

“नाही. चूकच.” तो शब्द शोधत होता. त्याचं इंग्रजी मागे पडलं होतं. “हे तसं नाही, असं मी म्हटलं असतं तर तुम्ही पुढच्या शनिवारी पुन्हा केलं असतं. जमेपर्यंत केलं असतं. तुम्ही तशाच आहात, मशीनवर मी पाहिलंय. मग मला प्रत्येक शनिवारी यावं लागलं असतं. पण मी म्हटलं, अगदी हेच. आणि तुमचं काम झालं.”

वीणा गाडीला टेकून उभी राहिली. गाडीचा पत्रा अजून कोमट होता. त्या शनिवारनंतर दर आठवड्याला, आज त्याला बोलवावं का, असं तिच्या मनात यायचं. पण काय सांगून बोलवायचं? रस्सा जमला होता. निमित्त संपलं होतं. आणि तिकडे तो मुकाट्याने वाट पाहत बसला होता, कुणीतरी त्याला पुन्हा जेवायला बोलवेल म्हणून.

“मला बोलवायचं होतं,” ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती हे कुणाला तरी बोलून दाखवत होती. “तुम्ही आपण होऊन पुन्हा मागाल, अशी वाट पाहत होते.”

“आमच्यात असं मागत नाहीत,” तो हलकेच म्हणाला.

“आमच्यातही नाही.”

दोघंही हसले. पलीकडे एक लहान मूल रडायला लागलं, एका बाईचा आवाज आला, तो जपानीत काहीतरी बोलला.

“मुलगी?” वीणाने विचारलं.

“हो. बर्फ बघायचाय म्हणते. कालपासून पडतोय.”

“मग न्या तिला बाहेर. मी ठेवते.”

“वीणा-सान,” तो म्हणाला. “फोन केलात, बरं झालं. मला वाटत होतं, हे कधी सांगताच येणार नाही.”

“मलाही वाटत होतं,” ती म्हणाली. पण तोवर कार्डावरच्या रेकॉर्डेड बाईचा ठोकळेबाज आवाज मधे आला, वेळ संपत आल्याचं सांगायला. त्या आवाजाखाली तिचं वाक्य पोचलं की नाही, तिला कळलं नाही.

ती आत आली. रुचाने वाडगा रिकामा करून गाजराचं टोक तेवढं ठेवलं होतं. वीणाच्या तोंडाकडे पाहून तिने फोनवरचा गेम बंद केला.

“कोण होतं?”

नेहमीसारखं ‘ऑफिसचा फोन’ म्हणून सुटता आलं असतं. घरातल्या प्रत्येकाला तिने आजवर ओनो म्हणजे ऑफिसातला एक ओळखीचा, एवढंच सांगितलं होतं. “ओनो,” ती म्हणाली. “साप्पोरोचे.”

रुचा खालच्या आवाजात म्हणाली, “आत्या, डिड यू लव्ह हिम?”

मराठीत कुणी हे विचारलं असतं तर वीणाने काहीतरी चेष्टा करून उडवून लावलं असतं. इंग्रजीतल्या त्या सरळ प्रश्नाला लपायला जागाच नव्हती.

“हो,” ती म्हणाली. “अजूनही थोडं.”

रुचाने टेबलावरून हात पुढे केला आणि तिच्या मनगटावर ठेवला. मालकीणबाईने गार झालेलं सूप परत गरम करून आणलं आणि वीणाने ते शेवटच्या चमच्यापर्यंत खाल्लं. पाच नंबर होता, घाम निथळत होता. मधेच रुचा म्हणाली, “बाबाला नको ना सांगू?” वीणा म्हणाली, “सावजीचा किस्सा त्याला तसाच राहू दे.”

डिसेंबरात वीणा नागपूरला जायला निघाली. आईची प्रकृती बरी नव्हती आणि वीणाला तिकडे जाऊन बरीच वर्षं झाली होती. ट्रॅव्हल एजंट म्हणाला, सगळे फ्रँकफर्टहून जातात, तेच सोपं पडतं. वीणा म्हणाली, “टोकियोमार्गे मिळतंय का बघा.” त्याला आश्चर्य वाटलं, पण त्याने बघितलं आणि टोकियोहून दिल्ली, पुढे नागपूर असं मिळालं.

टोकियोच्या नरिता विमानतळावर विमान उतरलं तेव्हा बाहेर पाऊस होता. लोकांच्या लोंढ्याबरोबर ती लांबलचक पॅसेजमधून चालत राहिली. एका ठिकाणी रस्ता दुभंगला. उजवीकडचा बाण परदेशी जाणाऱ्या विमानांचा होता. डावीकडचा देशांतर्गत. त्याच्याखाली गावांची नावं होती आणि त्यांत पहिलंच नाव साप्पोरो होतं. लोक तिच्या दोन्ही अंगांनी आपापल्या बाजूला वळत होते. वीणा डाव्या बाणाखाली उभी होती. आता तिच्याजवळ ग्रीन कार्ड होतं, पासपोर्टावर जपानचा ट्रान्झिट व्हिसा होता, रजा होती. कोणताही वकील तिला काही बजावायला उरला नव्हता. तिकडे आत्ता बर्फ किती असेल, कमरेएवढा का नुसताच पावलं बुडण्याएवढा, हे तिला अजून माहीत नव्हतं. ती छोटी मुलगी तो बघायला खिडकीशी उभी असेल.

गणवेशातली एक तरुण मुलगी तिच्याजवळ आली आणि तिने वाकून, आदबीने विचारलं, “साप्पोरो?”

वीणाने वर पाटीकडे पाहिलं. तेवढा एक शब्द तिने मनात म्हणून पाहिला.

“नाही,” ती म्हणाली. “दिल्ली.”

मुलीने हसून उजवीकडे हात दाखवला. वीणाने बॅग उचलली आणि ती त्या बाजूच्या माणसांमागे रांगेत जाऊन उभी राहिली.